मागची बाजू विनयची

ओंगारला, या आयरिश उपनगरात, पाऊस पडत नाही, हवेत नुसता लोंबकळत राहतो. मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळी सातलाही तो तसाच लोंबत होता, आणि पूर्णिमा ओल्या खडीवर गुडघे टेकून कॅरव्हॅनच्या चार कोपऱ्यांचे पाय हँडल फिरवून वर घेत होती. वस्तीत घरापुढं एक मोटार जेमतेम मावते, म्हणून कॅरव्हॅन, मोटारीमागं जोडून ओढायचं ते चाकांवरचं घर, मागच्या शेतकऱ्याच्या आवारात ठेवलेली. तिथं यायच्या आधी तिनं विनयला उठवून गोळ्या दिल्या होत्या, उजवा हात आधी बाहीत घालून शर्टाची बटणं लावली होती, आणि कुकर, तांदूळ, कणकेचा डबा असं सगळं जड सामान बरोबर चाकांच्या वर येईल असं रचलं होतं. मागं वजन पडलं की कॅरव्हॅन शेपूट हलवते, हे ट्रेलर ओढायला शिकवणाऱ्यानं तिला दहादा बजावलं होतं.

विनय मोटारीला टेकून बघत होता.

"चाकं बघितलीस?"

"बघितली."

"चारी?"

"चारी बघितली हो. दोन इकडं, दोन तिकडं. पाचवं कुठं असलं तर दाखवा."

तो हसला. अर्ध्याच तोंडानं, पण हसला.

क्लोनडॉकिनच्या एका कंपनीत हा माणूस पंचवीस जणांवर साहेब होता. मीटिंगमध्ये आयरिश लोकांना पोट धरून हसवायचा. ऑक्टोबरात झटका आला आणि उजवी बाजू घेऊन गेला. इंग्रजीही नेली, पुण्यात कमावलेली नीटस मराठीही नेली. खरवडून उरली ती कराडच्या एसटी कॉलनीतली बोली. तीही तुटक तुटक, विहिरीतून पोहरा ओढल्यासारखी.

आधीचे दोन उन्हाळे कॅरव्हॅन त्यानंच ओढली होती. पूर्णिमा शेजारी बसून चिवडा चारायची आणि "जरा हळू" म्हणायची. झटक्यानंतर गॉलवेला डॉक्टर असलेली रुचा फोनवर म्हणाली, "आई, जस्ट सेल इट." पूर्णिमानं ते जेवताना सांगितलं, तसा विनयनं चमचा खाली ठेवला. बराच वेळ तोंडातल्या तोंडात शब्द शोधला आणि म्हणाला,

"चाक तुजं. मागची बाजू माजी."

सात महिन्यांत त्यानं स्वतःहून मागितलेलं हे एकच काम. म्हणून तर पन्नाशी ओलांडलेली पूर्णिमा ट्रेलर ओढायच्या परवान्याची परीक्षा द्यायला उभी राहिली, एकदा नापास झाली, पुन्हा उभी राहिली.

मागची बाजू म्हणजे काय, ते तिला लग्नापासून माहीत होतं. विनयचे वडील, आबा, कराड डेपोत कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मोटार मागं घेताना विनय पोरासोरांनाही त्याच हिशेबानं पत्रा वाजवायला लावायचा. घरात त्यावर कधी कुणी वाद घातला नाही.

मोटारवेवर पाठीमागं ते धूड असं जाणवत होतं, जणू मोटारीला कुणी खोलीच बांधून दिली होती. मोठा ट्रक बाजूनं गेला की वारा आधी ढकलायचा, मग ओढायचा. पण जोडीजोडीची चाकं रस्ता धरून होती. ऐंशीच्या पुढं काटा गेला नाही. मागं मोटारींची रांग लागली की तिचे कान तापायचे.

"जाऊंदे त्यास्नी," विनय म्हणायचा. "आपन... आपन निवांत."

गॉलवे मागं पडलं, मग रस्ता बारीक झाला, दोन्हीकडून दगडी गडगे अंगाशी आले. समुद्राकाठच्या, भाड्यानं कॅरव्हॅन लावायच्या माळावर पोचले तेव्हा दुपार झाली होती. मालकीण नोरा रबरी बुटांत बाहेर आली. जागा तिनं दाखवली ती एका दगडी खांबाच्या आणि काटेरी झुडपांच्या मधली.

"भाचा लावून देईल हं दोन मिनिटांत," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली.

"नको," पूर्णिमा म्हणाली. "माझे मिस्टर आहेत ना मागं."

विनय काठी टेकत मागं जाऊन उभा राहिला. ताठ. डावा हात वर.

मागं घेताना कॅरव्हॅन उजवीकडं वळवायची तर स्टिअरिंग डावीकडं घ्यायचं. आणि चार चाकांची असल्यानं ती आधी ऐकतच नाही, मग एकदम ऐकते. इंच इंच ती मागं सरकली. खांबाची बाजू आरशात दिसेनाशी झाली, तशी तिनं पाय ब्रेकवर ठेवला आणि उघड्या खिडकीतून कान मागं लावला.

पत्रा वाजला. धप धप.

दोन. तिनं ब्रेक सोडला.

मागून काच फुटल्याचा आवाज आला.

ती उतरून धावली. मागचा लाल दिवा खांबाला चिरडला होता. विनय आपल्या डाव्या हाताकडं बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा इथं विसरून राहिलाय.

"म्या थांब म्हनलं."

"हो."

"एकदाच... एकदाच वाजवायचं हुतं."

हात एकदा उठला की आवरत नव्हता त्याला. चमचा वाटीवर आपटत राहायचा तसाच. हे तिला घरी रोज दिसत होतं. इथं ते आठवलं नाही.

"माझाच पाय घसरला ब्रेकवरून," ती म्हणाली.

नोरानं तुकडे बुटानं बाजूला सारले. "दिवाच गेलाय बाई, बाकी सगळं ग्रँड, ठीकठाक."

"पुन्ना घे," विनय म्हणाला आणि परत जागेवर उभा राहिला.

तिनं कॅरव्हॅन पुढं घेतली. या वेळी काच वर केली. फक्त आरसे बघितले. डावा, उजवा, डावा. आरशाच्या कडेला विनयचा हात हलत होता, ये म्हणत होता, थांब म्हणत होता, पुन्हा ये म्हणत होता. तिनं त्यातलं काही घेतलं नाही. चाकं खडीत फरफटत आत वळली. अर्धी कॅरव्हॅन आत गेली असेल, तेव्हा तो हात मधेच थांबला. हळूहळू खाली आला. मग विनय आरशातून बाहेर गेला.

थांबता आलं असतं. ती थांबली नाही.

इंजिन बंद केलं तेव्हा कॅरव्हॅन खांब आणि झुडपांच्या मधोमध सरळ उभी होती. विनय गडग्यावर बसला होता, समुद्राकडं पाठ करून.

"झालं बघा आपलं," ती म्हणाली. "तुम्ही होता म्हणून."

त्यानं मान हलवली. शब्द यायला वेळ लागला.

"आरशात बगत हुतीस."

तिनं हातातली किल्ली मुठीत मिटली.

"झ्याक लावलीस," तो म्हणाला, आणि खिशातून रुमाल काढायला लागला. डाव्या हातानं उजव्या खिशातून, निघेना. तिनं हात पुढं केला, तर त्यानं कोपरानं बाजूला सारला. ती तशीच उभी राहिली. रुमाल शेवटी निघाला, तोंड पुसलं, आणि बराच वेळ तोंडावरच राहिला.

मग तिनं पाण्याचं पिंप बाहेर काढलं, आडवं केलं, आणि नळाकडं लोटत निघाली. पिंप भरेपर्यंत डाळ भिजत घालायला हवी होती.