आधी खर जाऊ दे

लालासाब शिकलगार मोटारी भरायचा. पेट्रोल नव्हे; पंपाची मोटार जळली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि तांब्याची नवी तार भरायची, हा त्याचा धंदा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं बाकडं होतं. उन्हाळ्यात शिरोळकडचे ऊसवाले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोटार घालून यायचे आणि दारातच ठाण मांडून बसायचे. ऊस वाळायला लागला की बागायतदार शिव्या द्यायला लागतो. लालासाब त्या शिव्यांना हसायचा. "पावणं, चा घ्या की. वार्निश वाळल्याबिगर मोटार दिली तर परत हितंच याल," म्हणायचा.

हा त्याचा आठवड्याचा अवतार. सुट्टीच्या दिवशी हाच माणूस पांढरा बुशशर्ट घालून आमच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचा. मी त्या ऑर्केस्ट्राचा निवेदक. एस.टी.च्या ऑफिसात दिवसभर फायली सरकवायच्या आणि संध्याकाळी गणपतीच्या मांडवात "रसिकहो" म्हणून आवाज लावायचा, हा माझा धंदा. त्यामुळे लालासाबबद्दल मी जे सांगतोय त्यात थोडी निवेदनाची सवय आली तर सांभाळून घ्या. पण खोटं सांगत नाही.

मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादाची कांडी, आणि ती कांडी तारांवरून अशी सरकायची की सिनेमाचं गाणं शब्दांवाचून कळावं. गाणं एकदा ऐकलं की याच्या हातात आलंच. गिटारला आवाज खेचायची जी गुंडाळी लागते तीसुद्धा त्यानं बाकड्यावर बसून केसाएवढ्या तारेनं स्वतःच भरली होती. एकाहत्तर-बाहत्तर साली मुंबईला जाऊन त्यानं बोटीवरच्या कुणा खलाशाकडून रिळांचा जुना टेपरेकॉर्डर आणला, आणि राजारामपुरीतल्या त्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत रेकॉर्डिंग सुरू झालं.

पहिलंच रीळ त्यानं ओळखीच्या हातून मुंबईला रेकॉर्ड कंपनीतल्या एका माणसाकडे धाडलं. निरोप आला, "हात गोड आहे. पण मागे खरखर फार आहे." शहाण्या माणसानं निरोपाचा पहिला भाग ऐकून पेढे वाटले असते. लालासाबनं फक्त दुसरा भाग ऐकला. त्या दिवसापासून खरखर त्याच्या डोक्यात जाऊन बसली. तिचं त्यानं लाडाचं नावही पाडलं, 'खर'. आता कोल्हापुरात आम्ही 'पण' म्हणत नाही, 'खरं' म्हणतो. त्यामुळे लालासाबचं दर रविवारचं वाक्य ठरलेलं: "चांगलं आलंय, खरं खर हाय." ऑर्केस्ट्रातली पोरं त्याची नक्कल करून हसायची.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. याला नाचता उत्तम येत होतं, आणि अंगणही खरंच वाकडं होतं. त्याच्या जुन्या वायरिंगला अर्थिंग नव्हतं. शेजारी पिठाची गिरणी. ट्यूबलाइट लावली की सूं, गिरणी चालली की खर्र. त्यानं ट्यूब काढून कंदील आणला. गिरणी बंद असेल तेव्हाच वाजवायला लागला. टेपचं डोकं स्पिरिटनं पुसलं, वायरी बदलल्या, गिटारच्या पोटात पत्रा बसवला. खर कमी व्हायची, जायची नाही. अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग करतो म्हणाला, तर घरमालकीण झुंबरबाई ओरडली, "नवी फरशी फोडशील तर बिऱ्हाड रस्त्यावर टाकीन!"

मग एका रविवारी त्याची बायको जुलेखा फरशी पुसत होती. पुसता पुसता तिनं वाटेतली गिटारची वायर उचलून बाजूला ठेवायला घेतली. टोकाच्या लोखंडाला ओला हात लागला मात्र, टेपातली खर गपकन थांबली.

"हलू नगंस!" लालासाब ओरडला.

भाभीला वाटलं पायाशी विंचू आहे. ती तिथंच दगडासारखी उभी राहिली. हा आपला कानाला हेडफोन लावून नाचायला लागला. "धर! सोड! धर!" तिनं धरलं की खर गायब, सोडलं की हजर. ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली जुलेखाभाभी म्हणजेच त्या घराचं अर्थिंग निघालं.

तिचं काम दुसऱ्या कशाकडून होतं का, तेही त्यानं पाहिलं. नळाला तार बांधली, तर त्या नळातून भलताच घूं यायला लागला. स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधली, तर वाजवताना याचा अंगठा ताल धरायचा, तार ढिली व्हायची आणि खर तालात येऊन जायची. शेवटी भाभीच बरी पडली. त्या लोखंडाला कथलाचा डाग देऊन त्यानं एक उघडी तार काढली. दर रविवारी भाभी फरशीवर तांब्याभर पाणी ओतायची, त्यात पाय ठेवून पाटावर बसायची आणि ती तार मुठीत धरायची. गाणं संपेपर्यंत हलायचं नाही. कधी कधी हाताला मुंग्या येतात, हे तिनं मला सांगितलं, नवऱ्याला नाही.

आणि गंमत अशी की त्या घरातली खरी गाणारी तीच होती. शिरोळकडच्या बायका हळदीला, मेंदीला तिला मुद्दाम गाडी पाठवून न्यायच्या. तिच्या आईकडून आलेलं एक गाणं होतं. कृष्णेला पूर आलाय, आणि नवी नवरी नदीला सांगते आहे की बाई, जरा उतर, माझा भाऊ मला न्यायला पलीकडं उभा आहे. ते गाणं तिच्या आईनंतर तिलाच येत होतं. ऐकून आलेल्या बायका दुसऱ्या दिवशीही डोळे पुसत त्याबद्दल बोलायच्या, असं माझी बायको सांगते. मी ऐकलेलं नाही. बायकांच्या बैठकीत पुरुष जात नाहीत. लालासाबनंही ऐकलं नव्हतं. घरात ती नुसती गुणगुणायची, आणि हा तेव्हा कानाला हेडफोन लावून खर शोधत असायचा.

"माझं एक गाणं घ्या की वो टेपवर," ती म्हणायची. "आईचं हाय. माझ्यामागं कोण म्हणणार?"

"घेऊ की. आधी खर जाऊ दे."

हे मी माझ्या कानांनी किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. टेपाला भोक एकच, त्यात एकतर गिटार लागायची नाहीतर माइक. माइक लावला की खर दुप्पट, आणि ती तार धरून जाणारी नव्हे. मी एकदा ऑर्केस्ट्राचा चांगला माइक घरी आणला. म्हटलं, "लाला, आज भाभीचं गाणं घे. खर आली तर येऊ दे, गाण्यापुढं ती कोण ऐकतंय?" भाभीनं पदर सावरला, घसा साफ केला. यानं बटण दाबलं, दोन क्षण ऐकलं आणि माइक उपसून काढला. "न्हाय बाळासो. तिचं गाणं असलं घाण घ्यायचं न्हाय. तिचं एकदम सोच्छ घ्यायचं." मला त्याचा असा राग आला की चहा न पिता निघून आलो. राग अजून आहे. पण त्याच्या त्या बोलण्यात प्रेम होतं, हेही तेव्हा मला कळत होतं, म्हणून तर जास्त राग आला.

एका रविवारी मी बसलेलो असताना वाजवता वाजवता तो थांबला. "तार सोडलीस!"

"सोडली न्हाय वो," भाभी वरमून म्हणाली. "डोक्यात आईचं गाणं चाललं हुतं. बोटं हलली."

"समदं नासलं," म्हणून त्यानं ते रीळ काढलं आणि ट्रंकेत टाकलं. पुढं सबंध दिवस तिच्याशी बोलला नाही. आपण सगळेच नवरे कमीजास्त गाढव असतो, पण काही दिवशी जास्त.

सत्त्याहत्तर साली भाभीच्या गळ्यात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन ठरलं. गाठ काढावीच लागेल, जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी लालासाबला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. त्यानं ते तिला सांगितलं नाही. निघायच्या सकाळी पिशवी भरता भरता तीच म्हणाली, "गाडीला येळ हाय. आज घेताय का?"

"बरी हून ये की," हा म्हणाला. "तवर खर काढून ठेवतो."

त्या दिवशी खर हे नुसतं निमित्त होतं. पुढं त्यानंच मला सांगितलं. "तवा घेतलं आस्तं, तर आता परत व्हायाचं न्हाय म्हणूनच घेतल्यागत झालं आस्तं रं. माझा हात बटणाकडं जाईना." हे सांगताना तो रडला.

जीव वाचला, आवाज गेला. भाभी बोलायची ती नुसत्या वाऱ्यानं. घशातून सूं यायचं आणि त्यातून शब्द वेचून घ्यावे लागायचे. घरी आल्यावर तिनं पहिली थट्टा कसली केली असेल? "आता खर माझ्यातच आली. काढा की." ती हसली. तो उठून मोरीत गेला आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.

त्यानं ऑर्केस्ट्रा सोडला. गिटारला खोळ घातली. मोटारी भरायचा तेवढ्या भरायचा. वर्षभरानं एका रविवारी दुपारी त्यानं मला बोलावणं धाडलं. गेलो तर खोलीभर रिळं. तिचा आवाज कुठंतरी चुकून आला असेल, एखादा शब्द, एखादं खोकणं, म्हणून हा सगळी रिळं पहिल्यापासून ऐकत बसला होता. वरातीमागून घोडं! मी म्हटलं, "लाला, टेपला माइक नव्हता, गिटार होती. तिचा आवाज येणार कुठून?"

"म्हायत हाय," तो म्हणाला. "आवाज न्हाय. खरं ती हाय. ऐक."

त्यानं रीळ लावलं. स्वच्छ गिटार. मधेच क्षणभर खर आली आणि गेली. भाभी शेजारी बसली होती. तिनं वाऱ्याच्या आवाजात सांगितलं, "ह्यो डास मारला." पुढं परत खर, जरा लांब. "हितं दूध उतू चाललं हुतं." ती हसत होती. जिथं जिथं तिनं तार सोडली, तिथं तिथं खर. इतक्या वर्षांत त्या टेपांवर भाभीची खूण होती ती एवढीच, आणि त्यातलीही बरीचशी यानं पुसून त्यावर नवीन वाजवलेलं होतं.

मग त्यानं ट्रंकेतलं ते रीळ लावलं. गिटार वाजत होती आणि तिच्याखाली खर येत-जात होती, पण कशीही नव्हे. एक लांब, दोन आखूड, एक लांब. परत तशीच. तालात. आईच्या गाण्याचा ठेका तिनं त्या दिवशी तारेवर बोटांनी धरला होता, आणि तो तेवढा टेपनं घेतला होता.

लालासाबनं गिटारची खोळ काढली. "सूर सांग," म्हणाला. ती कशी सांगणार? तो ठेका ऐकत एकेक सूर लावायचा आणि तिच्या तोंडाकडं बघायचा.

"न्हाय."

कांडी वर सरकवली.

"न्हाय."

जरा खाली.

"व्हय."

साऱ्या दुनियेची गाणी एका ऐकण्यात उचलणारा माणूस बायकोचं गाणं असं आंधळ्यागत चाचपत होता. ऊन दारातून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा एक ओळ जमली. नदीला 'उतर' म्हणायची ओळ. भाभीचे डोळे भरून आले. "व्हय, व्हय, हेच," ती म्हणाली.

"फुडची?"

त्यानं एक सूर लावला. दुसरा लावला. तिनं डोळे मिटले, ओठ हलवले, गळ्याला हात लावून बघितला. मग म्हणाली, "मलाबी आता कळंना वो. ते गळ्यात हुतं. डोक्यात नव्हतं कधी."

लालासाबनं कांडी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, जसं काही मी मांडवात उभा आहे आणि आता काहीतरी सावरून घेईन.

भाभीच उठली. सवयीनं तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं, पाट घेतला, पाय त्यात ठेवले आणि तार मुठीत धरली. "जेवढं आलं तेवढं तरी घ्या. मी धरती."

त्यानं टेपवर कोरं रीळ चढवलं, बटण दाबलं. मग वाकून तिची मूठ उघडली.

"सोड ती तार."

"खर येईल की."

"येऊ दे."

तिनं तार सोडली. त्यानं ती एक ओळ वाजवली. पुढं वाजवायला काही नव्हतं, तरी त्यानं टेप बंद केला नाही. ओल्या फरशीवर भाभी रिकाम्या हातांनी समोर बसून राहिली, आणि रीळ संपेपर्यंत त्यावर नुसती खर भरत गेली.