फळ्यावरची फुली

मोदकांना वाफ आली की सत्तरच्या दशकातला, मॉरिशसमधल्या आमच्या क्युरपिपच्या घरातला एक गणपती आठवतो. थोरला भाऊ नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेला होता. जाताना आईला म्हणाला होता, "रजा नाय मिळाली तर गणपतीला येता येणार नाय." गणपतीच्याच आठवड्यात कॉलेजात सरांनी तर्कशास्त्र शिकवताना फळ्यावर लिहिलं, पाऊस पडला तर रस्ता ओला होतो, रस्ता ओला आहे, म्हणून पाऊस पडला. आणि त्यावर फुली मारली. "कुणी रस्ता धुतलाही असेल." आम्ही हसलो, बारमाही भिजणाऱ्या क्युरपिपमध्ये पाऊस कुणाला रस्ता धुवू देतो? आरतीच्या वेळी भावाची झांज कोनाड्यातच राहिली. शेजारणीने विचारलं तेव्हा आई वात सारत म्हणाली, "आला नाय, म्हंजे रजा नसेल मिळाली." मला ती फुली दिसली. रजा मिळूनही माणूस आला नसेल. मी टाळ्या वाजवत राहिले. आता माझा मुलगा फ्रान्सला असतो. यंदा मोदक न्यायला आलेल्या शेजारणीने त्याची चौकशी केली. "रजा नसेल मिळाली," मी म्हणाले. फुली मारायला घरात दुसरं कुणी नव्हतं.