दौलतरावांची एक्केचाळीस नावं

टपालावर तारखेचा शिक्का मारताना दौलतराव पुटपुटत असत. एका ठोक्याला एक नाव. ठप्प, "रानू". ठप्प, "चांदखां". ठप्प, "सटवा". आषाढ लागला की हे सुरू होई. अकोल्याच्या त्या सरकारी कचेरीत मी नवा कारकून होतो आणि दौलतराव तिथले जुने शिपाई. मला वाटलं, पत्रांवरची नावं वाचतायत. एकदा विचारलंच.

"मेलेल्याईची नावं हायेत जी," ते म्हणाले. "लढाईतल्या." आणि पुढच्या पाकिटावर शिक्का हाणला.

त्यांचं गाव पूर्णा नदीच्या काठी. गावाबाहेरच्या शिवारात कित्येक शतकांपूर्वी दोन सुलतानांच्या फौजा भिडल्या होत्या. जिंकलं कोण, हे गावात कोणालाही सांगता येत नसे. फौजा गेल्या, जखमी आणि मेलेले मागे राहिले. दौलतरावांच्या पूर्वजांनी त्यांना पाणी पाजलं, नंतर पुरलं. मरण्याआधी ज्यांना आपलं नाव सांगता आलं, ती एक्केचाळीस नावं घरात बापाकडून मुलाकडे आली होती. श्रावण वद्य दशमीला, पोळ्याच्या चार-पाच दिवस आधी, सूर्य मावळायच्या आत, शिवारातल्या सात दगडांपुढे ती म्हणायची. कुठल्या तरी जुन्या साहेबाने त्या दिवसाची तालुक्यापुरती सुटी मंजूर केली होती. कचेरीतले बाकीचे लोक त्या दिवशी घरी झोपा काढत. दौलतराव पहिल्या बसने गावी जात.

छप्पन्न साली त्यांच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि गावकीची सगळी कामं सोडली. हे एक मात्र त्यांनी सोडलं नाही. मुलगा चिडे. "बाबा, काहून अजून त्या दगडाईपाशी जाता?" त्याने नावं शिकायला साफ नकार दिला होता. दौलतराव मला सांगत, "गावाचं काम सोडलं मी. हे गावाचं काम नोहे, बाबू. पानी मागतानी त्याईनं कोनाची जात इचारली नवती."

मी याद्या करणारा माणूस. घरात किराण्याची यादी, कचेरीत राहिलेल्या कामांची, खिशात उद्याची. मी म्हणालो, "दौलतराव, सांगा. दहा मिनिटांत लिहून देतो."

"नको जी. तुमच्या कपाटात किती कागद हायेत? कोनी वाचते का? लिवलं का मानूस सुटला. म्हनून म्हनत राहा लागते."

मला ते थोडं लागलंच. पण आग्रह केला नाही.

तालुक्याच्या सुट्यांची यादी करणं सत्तावन्न सालापासून माझ्याकडे होतं. मोठ्या सणांच्या तारखा सरकारातून छापून येत. या असल्या स्थानिक सुट्यांच्या आम्हीच काढायच्या. माझी एक सोपी रीत होती. तिथी दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकते. तेव्हा मागच्या वर्षीची तारीख घ्यायची, अकरा वजा करायचे, कागद सहीला पाठवायचा. पंचांग उघडायचीही गरज पडत नसे. अठ्ठावन्न सालची यादी मी तशीच केली. त्या वर्षी श्रावण अधिक होता.

सुटी अधिक महिन्यात लागली. दौलतरावांनी आदल्या दिवशी मला विचारलं, "बाबू, उद्या कायची सुटी? पोळा तं महिनाभर दूर हाये." तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी साहेबांकडे गेलो. चूक कबूल केली, दुरुस्तीचा मसुदा पुढे ठेवला. साहेब हसले. "एका लढाईला दोन सुट्या? उद्या दोन्ही बाजूंचे लोक वेगवेगळी मागतील." मसुदा परत आला. मग मी दौलतरावांच्या रजेचा अर्ज लिहिला. बायकोच्या आजारपणात त्यांच्या रजा संपल्या होत्या, आणि खऱ्या दशमीला नेमकी वरच्या साहेबांची तपासणी निघाली. एकाही शिपायाला सोडायचं नाही, असा हुकूम आला. मी तिसऱ्यांदा आत गेलो तेव्हा साहेबांनी मान वर केली नाही.

"तसेच निघून जा," मी दौलतरावांना म्हणालो. "मी सांभाळून घेतो."

"कसं सांभाळसान? दोन सालं राह्यली माही नोकरीची." ते थांबले. "जाऊ द्या. तुमी तरी काय करसान."

त्या दिवशी ते पाण्याचे पेले भरत राहिले. साडेपाचला तपासणी संपली. पश्चिमेच्या खिडकीत ऊन कपाटाच्या वरच्या फळीवर चढलं होतं. गाव दीड तास बस आणि पुढे पायी. ते स्टुलावर बसून ते ऊन पाहत होते. मी समोर फाइल उघडून बसलो. एक ओळही वाचली नाही.

पुढच्या वर्षी तारीख मी पंचांगातून काढली आणि दोघा जाणकारांना दाखवून घेतली. त्या आषाढात टपालावरचा शिक्का मुकाट्याने पडत होता. दशमीच्या आदल्या दिवशी दौलतराव माझ्या टेबलापाशी आले. "बाबू, वही घेऊन चालता का संग? लिवून घ्या."

आम्ही दुपारीच शिवारात पोहोचलो. काळ्या मातीत पाय रुतत होते, सभोवती कमरेएवढी कपाशी. दौलतरावांनी चपला काढल्या, हात जोडले, सुरुवात केली. मी आकडे घालून लिहीत गेलो. एक, रानू. दोन, चांदखां. तीन, सटवा. सव्वीस नावं झाली आणि ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हणत आले, पुन्हा तिथेच अडले. तिसऱ्यांदा त्यांनी उजवा हात हवेत उचलून खाली आपटला, शिक्का मारावा तसा. नाव आलं नाही.

"खंड पडला बाबू," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमी तं इतकी सालं बाजूले बसत होते. पुढचं कोनतं?"

मी वर्षानुवर्षं ती नावं ऐकली होती. मला पहिली तीनच येत होती. मी मान हलवली. सूर्य कपाशीत उतरेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. मुलाने मला तार केली होती. ती वही माझ्या कपाटात आहे; सत्तावीस हा आकडा मी त्या दिवशी आधीच घालून ठेवला होता, त्यापुढे जागा कोरी आहे. सुटी अजून यादीत येते. तारीख मी तीनदा तपासतो. ती अगदी बरोबर असते, आणि त्या दिवशी शिवारात कोणी जात नाही.