प्रेरणानं धाडलेलं पाणी

पुंडलिकराव सव्वीस वर्षं दारव्हा तालुक्यात हातपंप दुरुस्त करत फिरले. नवं वायसर बसवून पाणी वर आलं, की पहिली ओंजळ ते स्वतः प्यायचे. कुठंकुठं पाणी मचूळ लागायचं. "बाई, हे प्यायले नोका वापरू," असं ते सांगायचे. पण ओंजळ कधी चुकवली नाही.

साठीला टेकले आणि पायांवर सूज आली. तपासणीत दोन्ही किडन्या गेल्याचं निघालं. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस, आणि दिवसभरात पाणी फक्त एक लिटर. हे पाण्यानंच झालं का, ते डॉक्टर ठामपणे सांगत नव्हते. पुंडलिकरावांना मात्र शंका नव्हती.

पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, प्रेरणानं, बाटल्यांचं खोकं धाडलं. इलेक्ट्रोलाइटवालं, महागडं पाणी. पुंडलिकराव बायकोला म्हणाले, "खराब पाण्यानं बिघडलं, तं चांगल्या पाण्यानं सुधरन नं?"

"आधी डॉक्टरले दाखवा," विमलताई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्यांनी बाटली सोबत नेली. डॉक्टरांनी लेबल वाचलं.

"यात वरून क्षार घातलेत, काका. धडधाकट माणसालाही रोज याची गरज नसते, स्वच्छ साधं पाणी पुरतं. तुमच्या किडन्या तर क्षार बाहेरच टाकत नाहीत. हे पिऊ नका."

"मंग कोणतं पिऊ? कोणत्या पाण्यानं हे धुऊन निघन?"

"कोणत्याच नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

ती बाटली डॉक्टरांच्या टेबलावरच ठेवून पुंडलिकराव परतीच्या जीपमध्ये बसले.

रविवारी प्रेरणाचा फोन आला. "बाबा, काही फरक वाटतो का?"

"हो वं. लय हलकं वाटून राह्यलं."

तिनं आनंदानं दुसरं खोकं धाडलं, मग तिसरं.

"काहून खोटं बोलता पोरीसंग?" विमलताईंनी विचारलं.

"तिले तेवढंच करता येते. तेही नाही म्हणू?"

दिवाळीला प्रेरणा घरी आली. झाडताना खाटेखाली तिला तिन्ही खोकी दिसली. त्यातली एकच बाटली कमी होती. आईनं सगळं सांगितलं. ती वडिलांजवळ येऊन बसली.

"मग मी काय पाठवू, बाबा?"

त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

त्या दिवशी पाडवा होता, पण डायलिसिसची पाळी चुकवता येत नव्हती. सुजलेल्या पायांत चप्पल जाईना. प्रेरणानं ती हातात घेतली आणि त्यांना धरून, अनवाणीच, जीपपर्यंत नेलं.