ट्रंकेतला झेंडा

सरकारी पाहुणेघराच्या इस्त्रीखोलीत झेंडेमामांची एकतीस वर्षं गेली. परदेशी पाहुणा येणार म्हटलं, की त्याच्या देशाचा झेंडा कडक करून टेबलावर, जिन्यात, मोटारीवर पोचवायचा. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा तिथला धर्म. मैत्री चालू असलेल्यांचे झेंडे दांडीवर टांगलेले, बिनसलेल्यांचे डांबरगोळ्या घालून ट्रंकेत. झेंडा ट्रंकेत गेला की आठवड्याभरात त्या देशाची विमानं बंद, हे मामांना पेपराआधी कळायचं. पण इथलं बाहेर बोलणार नाही, असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं होतं.

पूर्वी दांडी गच्च असायची. मग नवे साहेब आले, निवडणुका लांबत गेल्या, आणि नवे साहेब काही जुने होईनात. आता दांडीवर पाचच झेंडे उरले होते. त्यातले चार तसल्याच, खुर्चीला चिकटलेल्या साहेबांचे. मामांना या सगळ्याचा वीट आला होता.

एका सोमवारी व्यवस्थापक खाली आला आणि पाचव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा ट्रंकेत."

मामांची लेक त्याच देशात नर्स होती. त्याच महिन्यात ती चार वर्षांच्या नातीला घेऊन येणार होती. नातीला मामांनी अजून फोनवरच पाहिलेलं.

फोन ऐकले जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. संध्याकाळी मामांनी लेकीला फोन लावला. म्हणाले, "आईला बरं नाही. उद्याच नीघ."

"मला काय धाड भरलीय?" स्वयंपाकघरातून बायकोचा खणखणीत आवाज आला.

लेक हसली. "बाबा, आठवण येते म्हणा की सरळ. रजा वीस तारखेपासून आहे. इतकी वर्षं थांबलात, अजून दोन आठवडे थांबा."

एक वाक्य बोललं असतं तर भागलं असतं. मामा "बरं" म्हणाले.

शुक्रवारी विमानं बंद झाली. त्याला आता दोन वर्षं झाली. मामा दर शनिवारी ट्रंक उघडतात आणि कुणी सांगितलं नसताना तो एक झेंडा इस्त्री करून पुन्हा ठेवतात.

परवा जेवताना बायको म्हणाली, "त्या दिवशी मी गप्प बसले असते, तर पोर आली असती हो."

"तुला काय माहीत होतं?" मामा म्हणाले. "माहीत मला होतं."