दादांच्या नावावर चढलेलं गाणं

प्रज्ञाला राग आला की ती भांडत नसे, जुळवायला लागे. लहान असताना एकदा गिरणीवाल्यानं तिचा डबा मागं सारून वरच्या आळीतल्या बाईचं दळण आधी घेतलं. या पोरीनं गिरणीच्या पट्ट्याच्या ठेक्यावर तिथल्या तिथं चार ओळी रचून त्याला अशा ऐकवल्या, की रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि गिरणीवाला कितीतरी दिवस मान खाली घालून दळत होता.

श्रीरामपूरकडच्या त्या गावात रॅप हा शब्दही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. तो आणला सहादेवानं. तो तिच्याच वर्गातला, शाळा सुटल्यावर मामाच्या डीजेच्या टेम्पोवर बसायला लागलेला. वरात असो, मिरवणूक असो, बटणं त्याच्या हातात. मोबाईलवर ऐकून ऐकून त्याला या प्रकाराचं वेड लागलं. एक ठेका तयार करून तो तिच्याकडं आला.

"प्रज्ञे, ह्यात तुझी कटकट बसती का बघ."

बसली. कोयंड्यात कडी बसावी तशी बसली.

मग प्रज्ञाची आजी, छबूबाई, वारली. प्रज्ञाच्या वस्तीपासून स्मशानापर्यंत जाणारी जुनी वाट राधाकृष्णदादांनी नांगरून वर ऊस लावला होता. दादा म्हणजे तालुक्याचे युवा नेते, चौकाचौकात त्यांचा हात जोडलेला फ्लेक्स. पावसाळ्याचे दिवस, वाट बंद, म्हणून तिरडी भरल्या ओढ्यातून न्यावी लागली. प्रज्ञानं खांदा दिला होता. पाणी कमरेला, पाय चिखलात रुतलेले, आणि काठावर दादांचा ऊस कोरडाठाक उभा. ती रडली नाही. घरी येऊन जुळवायला बसली.

"जित्तेपनी वाट दिली बांधाच्या कडेनं,
मेल्यावर तीबी नांगारली तुमच्या गड्यानं.
आजी माझी खांद्यावर, पानी माझ्या कंबरेला,
ऊस तुमचा ताठ उभा, लाज न्हाई नजरेला!"

सहादेवानं त्याला ठेका दिला तोही जड, पाण्यातनं पाऊल उचलून टाकल्यासारखा. गाणं श्रीरामपूरच्या कॉलेजात वाजलं, तिथून कोपरगावच्या पोरांच्या मोबाईलवर गेलं, रिक्षांतून वाजू लागलं. कोण ही जोडी, म्हणून लोक चौकशी करू लागले. आणि तिथंच माशी शिंकली.

दादांच्या वाढदिवसाची मिरवणूक होती. टेम्पो मामाचा, बटणांवर सहादेव. पोरं ओरडली, "ते नवं गानं लाव!" त्यानं लावलं. आता डीजेच्या धंद्यात एक रीत असते. ज्याची सुपारी, म्हणजे ज्यानं टेम्पो सांगितला, त्याचं नाव गाण्याच्या मध्येच घुमवायचं. सहादेवाचा हात सवयीनं गेला. 'लाज न्हाई नजरेला' झालं, आणि लगेच भोंगे गरजले, "राधाकृष्णदादा, वाघ एकच!"

दादांनी शब्द कुठले ऐकायला! नाव ऐकलं. फेटा सावरत ते स्वतःवरच्याच शिव्यांवर मनसोक्त नाचले. त्याचा व्हिडिओ नगरपर्यंत गेला आणि ज्याच्या त्याच्या तोंडी झालं, 'दादांचं गाणं'.

प्रज्ञा तडक टेम्पोच्या शेडवर गेली.

"सहाद्या, त्याचं नाव कुनी घातलं रं?"

"मीच. ध्यानातच आलं न्हाई. हात आपोआप जातो बटनावर."

"तुझी आजी असती तिरडीवर, तर गेला असता हात?"

सहादेव वायर गुंडाळत राहिला.

"खाली काय बघतो? माझी म्हातारी पान्यातनं गेली आन् तू तिच्यावर त्याला नाचवला!"

"चुकलं, प्रज्ञे. पन आता जत्रंत दादांना तेच गानं पायजे. तूबी टेम्पोवर यायचं म्हनत्यात."

"येते की," ती म्हणाली. "सांग त्यांना, येते."

जत्रेला मैदान फुललेलं. दादा खुर्चीत पुढं बसलेले. त्यांचा माणूस रंगनाथ टेम्पोच्या फाळक्यावर हात आपटून ओरडला, "हां पोरी, हून जाऊ दे दादांचं गानं!"

प्रज्ञानं माईक घेतला. "गानं दादांचं न्हाई. माझ्या आजीचं हाय. दादांचा ह्यात नुसता ऊस हाय. आमच्या मढ्याच्या वाटंवर लावलेला."

दादांचं हसू जागच्या जागी वाळलं.

"ए सहाद्या, माईक बंद कर तिचा!" रंगनाथ किंचाळला. खालून मामाही हातानं 'बंद, बंद' करू लागला. प्रज्ञानं मागं पाहिलं. सहादेवाचा हात बटणावर होता. त्यानं आवाज वाढवला.

तिनं गाणं पहिल्यापासून शेवटापर्यंत म्हटलं. त्या दिवशी कुणी नाचलं नाही. लोकांनी शब्द ऐकले. दादा निम्म्यातच उठून गेले.

मामानं सहादेवाला त्याच पावली टेम्पोवरून उतरवलं. मग दोघांनी मागून आणलेल्या भोंग्यांवर सुरुवात केली, आणि वर्ष सरायच्या आत नगरच्या मोठ्या कार्यक्रमात त्यांना मानानं बोलावणं आलं. तिथं एका शहाण्या माणसानं तिची पाठ थोपटून सांगितलं, "बाई, आता तुमचं नाव झालं. एवढा राग बरा नाही."

"ऊस काढला का त्यांनी?" प्रज्ञानं विचारलं.

तो गडबडला. "ते मला काय ठाऊक?"

"न्हाई काढला. अजून तिथंच हाय," ती म्हणाली, आणि सहादेवाकडं वळली. "चल रं, लाव."