बिनबासरीचे बँड

सातारा-सांगली पट्ट्यात प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारे किती असतील, असं लोक मला चेष्टेनं विचारतात. मला तरी तिघंच माहीत आहेत आणि त्यातला एक मी. वीस-वीस मिनिटांची गाणी, मधेच ताल बदलणार, मधेच सगळं थांबून नुसती बासरी वाजणार. घरी लावलं की बायको विचारते, "संपलं की बिघडलं?" दुसरा पाटणचा एक निवृत्त फौजी. त्याला ही लागण पलटणीतल्या ईशान्येकडच्या एका जवानाकडून झाली. आणि तिसरा माझा कराडच्या कॉलेजातला मित्र, सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातला. त्याच्यामुळेच हे लिहायला बसलोय.

हा गडी इंजिनिअर झाला आणि डॉल्बीच्या धंद्यात पडला. डॉल्बी म्हणजे आमच्याकडे मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. वरातीत तो लोकांना हवं ते मुकाट्यानं वाजवायचा. पण सीझनच्या आधी नवी जोडणी तपासायला तो ऊस तुटून गेलेल्या रानात सगळी भिंत उभी करायचा, आणि ते टेस्टिंग मात्र आमच्या गाण्यांवर व्हायचं. फौजी पाटणहून माझ्याकडे कराडला यायचा आणि आम्ही दोघं मोटरसायकलवरून भर दुपारी त्या रानात हजर. प्रत्येकानं एक बँड आणायचा. मोठ्या नावांना बंदी. बाकीच्या दोघांनी आधी ऐकलेला असला तर बाद. आणि गाणं संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

बँड हुडकण्यात मित्राचा हात धरणारा कुणी नव्हता. पोलंडमधले कुणी चौघं, एकच अल्बम काढून पांगलेले. इटलीतल्या कुठल्याशा गावचे दोघे भाऊ. कुठून शोधायचा कोण जाणे. एकदा शेजारच्या रानातले एक आजोबा बराच वेळ उभे राहून म्हणाले, "गाणं कवा चालू हुतंय?" मित्र म्हणाला, "आवं, ह्येच गाणं हाय." आजोबा "व्हय?" म्हणून बांधावर बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. आमच्या रसिकांत तेवढीच काय ती भर.

आम्ही बांधावर बसायचो, मित्र मात्र थेट भिंतीसमोर उभा. तिथं उभं राहिल्याशिवाय आवाज कळत नाही, असं तो म्हणायचा. कानात कापूस घाल म्हणून फौजी दर वेळी ओरडायचा. "हलवायानं नाकाला रुमाल बांधायचा व्हय?" असं त्याचं ठरलेलं उत्तर. आम्ही हसायचो. आज त्या हसण्याचा मला राग येतो.

गेल्या सीझनआधी मी हंगेरीचा एक बँड नेला होता. त्यातल्या लांबलचक गाण्यात ड्रम आणि गिटारचा नुसता धुमाकूळ चालतो, मग एकदम सगळं थांबतं आणि एकटी बासरी हळू आवाजात बराच वेळ वाजत राहते. ती बासरी उघड्या रानात ऐकायची, एवढ्यासाठी मी महिनाभर तो बँड दोघांपासून लपवून ठेवला होता. बासरी सुरू झाली. बांधावर आम्हाला स्वच्छ ऐकू येत होती. फौजीनं डोळे मिटले. तेवढ्यात नियम मोडून मित्रानं मागं वळून हाक मारली, "बंद पडलं काय रं? वायर बघ." आणि स्वतःच एकेक जोड हलवून बघायला लागला. फौजीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी उठून जवळ गेलो आणि म्हणालो, "गड्या, बासरी वाजतीय."

"कुठं?" तो म्हणाला.

मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेले आहेत आणि ते परत येणार नाहीत. कानातल्या मशीननं बोलणं थोडंफार कळेल, एवढंच. त्यानं भिंत विकून टाकली. रानातलं टेस्टिंग संपलं आणि आमचे बँड मोबाईलवरून एकमेकांकडे जायला लागले. मी त्याला फक्त ड्रम आणि बेसवाले बँड पाठवायचो. चांगला बँड सापडला आणि त्यात बासरी निघाली की तो बाजूला ठेवायचो, घरात आजारी माणूस असलं की तळणाचा डबा लपवावा तसा. त्याचं उत्तर यायचं, "लय भारी." मला वाटायचं, त्याला काही कळत नाही.

परवा त्याचा मेसेज आला. "सगळी बिनबासरीचीच का पाठवायलायस? मी बहिरा हाय, खुळा न्हाई. बासरीवाला बँड पाठव. बासरी कुठं सुरू हुती आन् कुठं थांबती तेवढं सांग. तेवढा येळ मी गप बसतो. नियम हाय न्हवं आपला?"

मी हंगेरीचाच बँड पुन्हा लावला. बासरी कुठं सुरू होते ते लगेच कळवलं. कुठं थांबते ते मात्र अजून कळवलेलं नाही. दर वेळी तिथं पोचायच्या आधीच मला रडू फुटतं आणि मी गाणं बंद करतो. तो तिकडं गप बसून वाट बघत असेल.